रोझालीच्या खलाचं कडं

आम्ब्रुश तांबटाला डावी भुवई नव्हती. भट्टीतल्या एका ठिणगीने ती कधीच खाल्ली होती. त्यामुळे तो रागावला की एकच भुवई वर जायची आणि समोरच्याला हसू यायचं. बावीस वर्षं तो आमच्या गावच्या आगीच्या बंबावर नळीवाला होता. रविवारी चर्चमध्ये मिसेला जाण्याआधी आपलं पितळी शिरस्त्राण तो राखेने घासायचा. त्याची बायको रोझाली म्हणायची, "इतकं कधी माझ्या भांड्यांना घासलं असतंत!"

लायता नदीवरच्या पुलाच्या अलीकडे आम्ही हंगेरीवाले, पलीकडे ऑस्ट्रियावाले. राजा एकच. अलीकडे त्याला राजा म्हणायचं, पलीकडे सम्राट. दोन गावांत दहा वर्षांचा करार असे: एकीकडे आग लागली की दुसरीकडच्यांनी बंब घेऊन धावायचं. दर वर्षी चार मेला, संत फ्लोरियानच्या दिवशी, दोन्ही बंब पुलावर येत. मधोमध दोन्हीकडच्या नळ्या एकमेकींना जोडत आणि मग फादर त्यांवर तीर्थ शिंपडत.

१९०७ साली करार संपला आणि नवा काही होईना. आमचे बंबप्रमुख बालाशा साहेब म्हणाले, "आमच्या माणसांना हुकूम आमच्याच भाषेत मिळाला पाहिजे." पलीकडचे म्हणाले, "आमच्या गावात आमचा हुकूम." त्यात आमचा नवा बंब राजधानीतून, पेश्टहून आला. त्याच्या नळीच्या तोंडाचे आटे पलीकडच्या नळीत बसेनात. त्या वर्षी फ्लोरियानच्या दिवशी पुलावर नळ्या जोडल्याच गेल्या नाहीत. फादरनी दोन तोंडांवर वेगवेगळं तीर्थ शिंपडलं. मी घरी येऊन वहीत लिहिलं, 'आज बरं वाटलं नाही.' पण खोटं कशाला सांगू, त्याच्या खालीच लिहिलं होतं, 'पलीकडच्यांचीच खोड मोडायला हवी.'

आम्ब्रुश दुसऱ्याच दिवशी साहेबांकडे गेला. आमचे हे तिथेच होते, त्यांनी सगळं ऐकलं.

"साहेब, एक कडं ओततो. एका तोंडाला आपला आटा, दुसऱ्याला त्यांचा. हकनाक घरं जळायला नकोत."

"कडं करायचं तर त्यांनी करावं. आपण का वाकायचं?"

"वाकायचं कुठं म्हणतोय? ओतायचं म्हणतोय."

साहेब हसले नाहीत. "करारावर सही होईपर्यंत जो कोणी बंबाची वस्तू घेऊन पूल ओलांडेल, त्याने पट्टा आणि शिरस्त्राण माझ्या टेबलावर आणून ठेवायचं. तूसुद्धा, आम्ब्रुश."

आम्ब्रुशची एकच भुवई वर गेली, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही.

दोन दिवसांनी तो माझ्या दाराशी आला. "वहिनी, उद्या पलीकडच्या बाजाराला जाणार ना? पोल्दीकडून एक जिन्नस आणाल?" पोल्दी म्हणजे पलीकडचा नळीवाला. दोघे तरुणपणी बोस्नियात पलटणीच्या एकाच छावणीत होते, एकाच तापात पडले होते. मी जपमाळ हातात धरून विचार केला आणि हो म्हटलं. आट्यांचं माप घ्यायला त्यांच्या नळीचं मोडकं तोंड दह्याच्या चक्क्याखाली लपवून घरी आणलं. पुलावरच्या त्यांच्याकडच्या शिपायाने टोपलीत डोकावलं. "आज चक्का जड दिसतो." मी म्हटलं, "तुमच्याकडचं गवत खाल्लेल्या गाईंचा आहे, जड असणारच."

कड्याला चांगलं पितळ हवं होतं. आम्ब्रुशने रोझालीचा खसखस कुटायचा खल उचलला. "अहो, माझ्या आईचा आहे तो!" ती ओरडली. तो म्हणाला, "म्हणूनच. हलक्या पितळावर भरवसा नाही." तिने आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी ती स्वतःच भाता ओढायला बसली.

वीस ऑगस्ट हा आमच्या संत इश्तवानचा सण, पलीकडे मात्र साधा कामाचा दिवस. बंबवाले पूर्ण पोशाखात मिरवणुकीत होते. एवढ्यात पलीकडे घंटा घणघणली. पोल्दीच्या मळणीच्या कोठारावर धूर उठला होता आणि वारा शाळेच्या दिशेचा होता. त्यांचा बंब नदीवर उभा होता, पण त्यांची नळी निम्म्या वाटेतच संपत होती.

बालाशा साहेब पुलाच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. "लेखी विनंती येऊ द्या. शिक्क्यासकट."

"शिक्क्याची लाख वितळवायला तिकडे आग भरपूर आहे, साहेब," आम्ब्रुश म्हणाला. खिशातून कडं काढलं, आमची नळी खांद्यावर टाकली आणि साहेबांना वळसा घालून निघून गेला.

आमचे हे माझ्याकडे बघत उभे होते. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? नळीचं दुसरं टोक धरा!" ते धावले, मग आणखी सहा जण. मागे आम्ही बायका, मिरवणुकीतल्या मेणबत्त्या हातात तशाच.

कडं पहिल्यांदा बसवलं तेव्हा सांध्यातून पाणी फुटलं. रोझालीने सणाचा कोरा एप्रन फाडून त्याच्यावर गुंडाळला. "घट्ट करा! खल गेला, आता हेही फुकट घालवू नका!" आम्ब्रुशने पुन्हा पिळा दिला. पोल्दीने हुकूम सोडला, तो त्याच्या गावाचाही नव्हता आणि आमचाही. पलटणीतला जुना हुकूम होता, जो दोन्हीकडच्या प्रत्येक माणसाने तीन-तीन वर्षं ऐकला होता. सगळे हात एकदम बंबाच्या दांड्यांवर पडले. कोठार गेलं, शाळा वाचली.

रविवारी मिसेनंतर आम्ब्रुशने घासलेलं शिरस्त्राण आणि पट्टा साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

साहेब खाली बघत म्हणाले, "माफीची एक ओळ लिही. मी फाईलला लावतो. विषय संपला."

"चूक झाली असती तर दोन लिहिल्या असत्या."

घरी येऊन तो भट्टीपुढे बसला आणि दुपारचा जेवला नाही. रोझालीने मला हे कुंपणाच्या भिंतीवरून सांगितलं.

ऑक्टोबरात करार झाला. त्यात लिहिलं होतं की प्रत्येकाने आपापले आटे ठेवावेत. कड्याचा उल्लेख नव्हता. ते आम्ब्रुशच्या दाराशी खिळ्याला टांगलेलं असे.

पुढच्या फ्लोरियानला दोन्ही बंब पुलावर आले. दोन्ही प्रमुखांनी भाषणं केली. मग नळ्यांची तोंडं समोरासमोर आली, पण आटे बसेनात. फादर हातात तीर्थ घेऊन ताटकळले. शेवटी बालाशा साहेबच पूल उतरून गेले, तांबटाच्या दारापर्यंत चालत. आम्ब्रुश चामडी एप्रनवर, बोडक्या डोक्याने, कडं घेऊन त्यांच्यासोबत आला. त्याने दोन पिळे दिले आणि सांधा हाताने चाचपला.

साहेबांनी शिरस्त्राण पुढे केलं. "घे. माफी नको."

"राहू द्या, साहेब. भट्टीपुढे उकडतं त्यात." मग पोल्दीकडे वळून म्हणाला, "झालं की कडं आणून दे. माझ्याच हातात दे, कुणाच्या टेबलावर नको."

तीर्थ सांध्यावर पडलं. मी क्रूसाची खूण केली. रोझाली माझ्या कानाशी म्हणाली, "खसखस अजून लाकडी खलातच कुटतेय हो मी. नवा ओतायला यांना सांगा, तुमचं ऐकतात."