वहिनीला हवा असलेला अंदाज

अमेरिकेत एका पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरायचा होता आणि दोघं अगदी बरोबरीत होते. त्यातला एक परदेशी नोकरदारांच्या बायकापोरांना येऊ देणार नाही म्हणत होता. तो निवडला गेला तर इकडे येऊच नका, असं तिकडे नोकरीला गेलेल्या दादाने कळवलं होतं.

दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी वहिनीने मला विचारलं, "भावजी, तुम्ही प्रचारातले. कोण येणार? पोरीचं शाळेतलं नाव काढू की ठेवू?"

गावी पत्रकं वाटताना मी पडणाऱ्या उमेदवारासाठीही "आपणच येणार" असं ठणकावून सांगायचो. जिथे आम्हाला मत नाही, तिथली मतं आमचं घर कुठे राहणार ते ठरवतात. याची चीड यायला हवी होती. आली नाही.

"माहीत नाही, वहिनी."

"काका, जस्ट गेस!" पुतणी म्हणाली.

मी नकारार्थी मान हलवली.

"खलास. नाव ठेवते," वहिनी म्हणाली आणि तिने शाळेला फोन लावला.