दातांत धरलेली सळई

शांताराम भिंतीला तळहात कधी लावत नसे. हाताची मागची बाजू लावायचा. तळहाताला घट्टे पडलेले, त्याला गारवा कुठला कळतोय. मागची कातडी मात्र जागी असते, असं त्याचं म्हणणं. ओल कुठवर आलीय ते हातानं पाहून झालं की तो बोटाच्या पेरानं प्लास्टर वाजवायचा. भरीव कुठे, पोकळ कुठे. मग घरातला पंखा, फ्रिज, टीव्ही सगळं बंद करायला लावायचा, बायकांना बांगड्या आवरायला सांगायचा, आणि पिशवीतून हातभर लांबीची लोखंडी सळई काढून तिचं एक टोक भिंतीला टेकवायचा, दुसरं आपल्या कानामागच्या हाडाला. डोळे मिटून घ्यायचा. भिंतीच्या पोटात पाणी पाइपातून कुठे निसटतंय ते त्याला त्या सळईतून ऐकू यायचं. छिन्नी नंतर. एक फरशी निघायची, आणि तिच्याच मागे गळती असायची.

दिल्लीतल्या मराठी घरांत त्याचा नंबर हळदीकुंकवाच्या पुड्यासारखा हातोहात फिरायचा. संक्रांतीला पानिपतच्या काला आंब स्मारकाला जाणाऱ्या बसमध्ये कुणी म्हणायचं, आमच्या क्वार्टरची भिंत महिनाभर घाम गाळतेय हो. लगेच पुढच्या सीटवरून कुणीतरी वळायचं: "शांतारामला बोलवा. फोडत नाही तो. ऐकतो."

शांताराम आटपाडीकडचा. त्या बाजूची माणसं सोनंचांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यावर मुलूखभर गेली, तसा तोही मामाबरोबर करोल बागेत आला. एका गल्लीत वरच्या मजल्यावर भट्टी होती, तेजाबाचा पिवळा धूर कोंडलेला असायचा. शांतारामची छाती तो धूर घेईना. खोकून खोकून रक्त पडलं तेव्हा मामानं त्याला खाली नळाच्या दुकानात एका पंजाबी उस्तादाकडे सोपवलं. गावात त्याचा बाप विहिरीच्या जागा बघायचा, जमिनीला कान लावून. पोरानं परमुलखात भिंतीला लावला. कान तोच, असं शांताराम हसून सांगायचा, आणि सांगताना त्याची मान जरा ताठ व्हायची.

तो कान गेला.

एका दिवसात गेला नाही. मधल्या काळात नोएडाकडे टोलेजंग इमारती उठत होत्या आणि तिथे रोजचं काम मिळत होतं. कोऱ्या भिंतीत कटर मशीननं खाचा पाडायच्या आणि पाइप पुरायचे. दिवसभर मशीन कानाशी किंचाळायचं. कानात कापूस घालणाऱ्याला बाकीचे गडी नवरी म्हणायचे. शांतारामनं कापूस घातला नाही. आधी उजवा कान गेला, मग डावा मंदावला. ज्या मशीननं त्यानं भिंती चिरल्या, त्याच मशीननं भिंतीचा आवाज त्याच्यापासून तोडला.

तरी त्यानं वाट काढली. सळई कानामागे धरून काही येईना तेव्हा तिचं टोक दातांत धरायला लागला. दातांतून कवटीत आवाज चढायचा, पुसट, पण चढायचा. लोकांना वाटलं, ही शांतारामची नवी विद्या. मुलं बघायला जमायची. तो लोखंडाची खारट चव जिभेवर घेऊन उभा राहायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, एवढं राहू दे. पण दातही मुके झाले. पहाडगंजात एका घरी त्यानं अंदाजानं भिंत फोडली. कोरडी. बाजूला फोडली, तीही कोरडी. शेवटी न्हाणीघराची अख्खी भिंत उतरली, आणि गळती निघाली ती वरच्या मजल्याची. ज्या वाटेनं त्याचा नंबर फिरला होता, त्याच वाटेनं ही गोष्टही फिरली. फोन थांबले.

त्याची बायको शेवंता. तिला कधीचं माहीत होतं. कुकरची शिट्टी होऊन जायची आणि हा गॅसकडे बघत बसलेला असायचा. ती उठून गॅस बंद करायची. फोन थांबले आणि हा दुपारी भिंतीकडे तोंड करून निजायला लागला, तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"अहो, मला शिकवा की."

"काय?"

"तुमचं ऐकणं. कान माझा, हात तुमचा."

"लोक हसतील."

"लोकांना कशाला सांगायचं? म्हणायचं, ह्यांची मान धरलीय, म्हणून मी सळई धरते."

मग करोल बागेत ते राहत होते त्या चाळवजा इमारतीत, सामाईक नळाच्या भिंतीमागे, शिकवणी सुरू झाली. तो नळ केसभर उघडायचा आणि धावत मागच्या बाजूला येऊन तिचं तोंड बघायचा.

"कसं वाजतंय?"

"तव्यावर पाणी शिंपडल्यागत."

"तसं न्हाई. तव्यावरचं थांबतं. गळती थांबत न्हाई. वाळू चाळताना बघ, लांबून, दुसऱ्याच्या अंगणातून. तसं."

"आता मला वाळू पण ऐकू येते आणि तवा पण येतो," शेवंता म्हणाली. "तुमची लाडकी गळती तेवढी येत न्हाई."

तो हसला नाही. जन्मभर ज्याला नाव द्यावं लागलं नव्हतं, त्या आवाजाला आता शब्द शोधायचे होते, आणि तो आवाज त्याच्याही आठवणीतून निसटत चालला होता. कधी कधी रात्री त्याला वाटायचं, आपण शेवंताला भलतंच काहीतरी शिकवतोय.

अशात अलकनंदाबाईंचा फोन आला. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, द्वारकेला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. शांतारामनं त्यांच्या जुन्या क्वार्टरपासून त्यांचे नळ सांभाळले होते. पहाडगंजची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली असणार. तरी त्यांनी बोलावलं. हे एकच घर उरलं होतं. इथे नेम लागला तर अलकनंदाबाई चार घरी सांगतील आणि नंबर पुन्हा फिरेल. चुकला, तर सळई भंगारात द्यायची, हे शांतारामला निघतानाच ठाऊक होतं. मेट्रोत तो पिशवी मांडीवर घेऊन बसला. शेवंता काहीतरी सांगत होती, तो तिच्या ओठांकडे बघून मान हलवत होता.

दार अलकनंदाबाईंच्या मुलानं उघडलं. नीरज त्याचं नाव, ऑफिसचं काम घरूनच करणारा.

"काका, यार तुम्ही आलात ते बरं झालं. खालच्या खन्नांनी जीव खाल्लाय. त्यांच्या छतातून पाणी टपकतंय. मी आईला म्हटलं, कॅमेरेवाल्यांना बोलवू. ते भिंतीचे फोटो काढून सांगतात, ओल कुठे ते. पण ती ऐकेल तर ना."

"कॅमेरा भिंतीच्या वरचा गारवा बघतो," नीरजच्या ओठांवर नजर ठेवलेला शांताराम म्हणाला. "आतलं पाणी वाहत वाहत कुठेही जाऊन गारवा करतं."

"बिल्कुल. पण बघतो तरी."

शांतारामनं रीतीनं सुरुवात केली. आधी गच्चीवर जाऊन टाकीच्या चाव्या एकेक करून बंद केल्या. थंड पाण्याची चावी फिरवली की खन्नांच्या छताचं टपकणं मंदावतं, हे शेवंता खाली जाऊन बघून आली. म्हणजे थंडाची लाइन. मग चावी पुन्हा उघडून स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधली भिंत हाताच्या मागच्या बाजूनं पाहिली. खालची अर्धी गार होती, सगळीकडे सारखीच. त्यावरून काही ठरेना.

"पंखा, फ्रिज बंद करा. मिक्सर, मोटर काही नको," तो म्हणाला. घर गप्प झालं. त्याच्यासाठी ते आधीपासूनच गप्प होतं.

"मान धरलीय माझी. हिला धरायला लावतो," असं म्हणून त्यानं सळई शेवंताच्या हातात दिली.

शेवंतानं पदर कानावरून मागे सारला. सळई भिंतीवर टेकवत ती वीतवीत सरकत गेली. शांताराम तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तो चेहरा इतका निरखून पाहिला नव्हता. कपाळावरची आठी कुठे येते, ओठ कुठे थांबतात. सिंकच्या डाव्या अंगाला ती थांबली. पुढे गेली, परत मागे आली. तिनं हनुवटीनं खूण केली. इथं.

"शांताराम, चहा टाकू ना?" मागून अलकनंदाबाईंनी विचारलं.

तो भिंतीकडेच बघत राहिला.

"शांताराम?"

"टाका की, ताई," शेवंता घाईनं म्हणाली. "ते कामात असले की असंच."

अलकनंदाबाई क्षणभर दारात उभ्या राहिल्या आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाच्या गॅसकडे वळल्या.

शांतारामनं शेवंताला डोळ्यांनी विचारलं. नक्की? तिनं मान हलवली. पुन्हा विचारलं. पुन्हा हलवली, पण या वेळी तिच्या डोळ्यांत भीती होती. त्यानं विजेचा मुख्य स्विच पाडला, पेन्सिलनं फरशीवर फुली मारली, कडेचा सांधा चाकूनं मोकळा केला आणि छिन्नी लावली. कटर नाही वापरला. फरशी अलगद निघाली, अख्खी. मागचं प्लास्टर निघालं. विटेचा भुगा त्याच्या बोटांवर सांडला.

कोरडा.

त्यानं बोटं चोळली. लाल, हलका, कोरडा भुगा. आत जुना लोखंडी पाइप होता. त्यानं खाच थोडी वाढवली, आत हात घातला. पाइप थरथरत होता. बोटांना ते कळलं. अगदी बारीक, मुंगीच्या पायाएवढं. शेवंतानं ऐकलं ते खरं होतं, आवाज इथेच होता. मग पाणी कुठे आहे?

हात पुढे गेला आणि एका जोडावर अडला. गंजानं जाड झालेला जोड. त्याच्या पलीकडे गुळगुळीत, गार, पांढरा प्लास्टिकचा पाइप, वर जाऊन दारावरून पलीकडे वळलेला. कुणीतरी मागे डागडुजी करताना अर्धं लोखंड ठेवून पुढे प्लास्टिक जोडलं होतं. शांतारामला सगळं एकदम समजलं. गंजानं जोडाचं तोंड अरुंद झालेलं. पुढे कुठेतरी प्लास्टिकला चीर, आणि तिकडे धावणारं पाणी या अरुंद तोंडातून घासून जातंय. वाजतंय ते इथे. फुटलंय ते पुढे. आणि प्लास्टिक बोलत नाही. त्याला सळई लावा, दात लावा, ते काही सांगत नाही.

त्याचा कान शाबूत असता, अगदी उमेदीतला असता, तरी त्यानं फुली इथेच मारली असती.

हे कळल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. उलट पायाखालची उरलीसुरली जमीन गेली. आजवर त्याला वाटत होतं, आपला कान गेलाय. आता कळलं की भिंतीच मुक्या झाल्यात. शहरभर, नोएडापर्यंत, त्यानं स्वतःच्या हातांनी कोसच्या कोस पांढरा पाइप पुरला होता. कान परत आला असता तरी तो ऐकणार काय होता?

"निघालं का?" नीरज त्याच्या बाजूला येऊन डोकावला. भोकाकडे बघून त्याचा चेहरा पडला. "सूखा है।"

"जोड आहे इथं," शांताराम म्हणाला. "गळती पुढे आहे. दारावर, नाहीतर पलीकडच्या कोपऱ्यात."

"नाहीतर म्हणजे? काका, नक्की कुठे?"

शांतारामनं भोकातला जोड पुन्हा चाचपला. नक्की हा शब्द आता त्याच्यापाशी नव्हता. मग म्हणाला, "ही लाइनच बंद करू. गच्चीवरून नवी ओढतो, बाहेरून, भिंतीवरून, उघडी. शोधायची भानगडच नको."

"किचनमध्ये उघडा पाइप? काका, आत्ताच टाइल्स बदलल्यात आपण." नीरज रागावला नव्हता. ते जास्त लागलं. "राहू द्या. मी कॅमेरेवाल्यांना फोन करतो."

अलकनंदाबाई चहाचे कप घेऊन जवळ आल्या. त्या शांतारामच्या पाठीमागून काहीतरी बोलल्या. शेवंतानं मान खाली घातली. बाईंनी कप ओट्यावर ठेवले, वळसा घालून त्याच्यासमोर आल्या आणि हळू, ओठ उघडून विचारलं, "कधीपासून?"

त्यानं सळईकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"झाले दिवस, ताई."

"आणि मला कळू दिलं नाहीत."

"कळलं असतं तर बोलावलं असतंत?"

त्यांनी ओट्यावरचा कप उचलला. चहा पुढे केला. तो चहा फार गोड होता; शांतारामनं एक घोट घेऊन कप खाली ठेवला.

"भोक बुजवून देतो," तो म्हणाला. "फरशी अख्खी आहे. सिमेंट आणलंय."

"नको काका," नीरज फोन कानाला लावूनच म्हणाला. "त्यांना बघायला उघडंच राहू दे."

इतक्या वर्षांत शांताराम कुणाची भिंत उघडी टाकून निघाला नव्हता. त्यानं फरशी पुसली, ओट्याच्या कडेला उभी करून ठेवली, भुगा हातानं गोळा केला. शेवंता पिशवी भरत होती. जिन्यावर ती एकदम थांबली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. तिच्या ओठांवरून त्यानं ते वाचलं.

"तू बरोबर ऐकलंस. मी असतो तरी तिथंच थांबलो असतो."

"माझं मन राखायला बोलताय."

"न्हाई गं." त्यानं तिला जोडाचं, गंजाचं, प्लास्टिकचं सांगायला सुरुवात केली, जिन्यात उभं राहून, हातवारे करून. तिच्या तोंडाकडे बघता बघता त्याला दिसलं की तिचा विश्वास बसत नाहीये. कुणाचाच बसणार नव्हता. चुकलेल्या माणसाला कारण सापडतंच. त्यानं सांगणं अर्ध्यावर सोडलं.

मेट्रो स्टेशनच्या पायऱ्यांपाशी त्याच्या खिशात फोन थरथरला. त्यानं सवयीनं तो शेवंताकडे दिला. ती ऐकू लागली. मराठी बाई होती पलीकडे, नवी बदली होऊन आलेली. कुणीतरी जुना नंबर दिला होता. बेडरूमची भिंत ओली होते, कपाटातले कपडे कुजले, फार हाल चाललेत. भिंतीला कान लावून सांगणारे ते शांताराम हेच ना, असं ती विचारत होती.

शेवंतानं नवऱ्याकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता. रिक्षांची झुंबड, हॉर्न, भोंगे, आणि त्या सगळ्यात तो एखाद्या रिकाम्या शिवारात उभा असल्यासारखा.

तिला हो म्हणता आलं असतं. घरात दिवस कसे चालले होते ते तिलाच ठाऊक होतं.

"हेच," ती म्हणाली. "पण भिंतीतलं काम ते आता करत न्हाईत. नळ बदलायचा असला, टाकी धुवायची असली, तर येतील."

पलीकडून फोन ठेवला गेला. तिनं तो त्याच्या हातात दिला.

"काय म्हणत होते?" त्यानं विचारलं.

ती त्याच्यासमोर आली, त्याला ओठ दिसतील अशी. आणि जे फोनवर म्हणाली होती तेच, एकेक शब्द सुटा करून, त्याला पुन्हा सांगितलं.