नायकाला जेवू कोण घालतं?

अस्तित्ववादी कादंबरीतल्या सुखाच्या शोधावर मी प्रबंध लिहिला. लिहिला लातुरात, स्वयंपाकाच्या ओट्यावर, कुकरच्या शिट्ट्या ऐकत. सादर केला नांदेडला.

या कादंबऱ्यांचे नायक मला पाठ झालेत. खोलीत एकटे पडून छताकडे बघतात. नोकरी नकोशी, आई नकोशी, रविवार तर त्याहून नकोसा. जगण्याला अर्थ नाही हे कळायला त्यांना अख्खी कादंबरी लागते, आणि तेवढ्यात एकही जण स्वतःचं ताट घासत नाही. मला आधी त्यांची दया यायची, मग हेवा वाटायला लागला, शेवटी डोकंच फिरलं. आमच्या घरात न्हाणीची कडी लावली तरी बाहेरून कुणीतरी विचारतं, "झालं का?" एकटेपणाचं दुःख भोगायला आधी माणसाला एकटं तरी पडू द्यावं ना!

म्हणून शेवटच्या प्रकरणात मी एक पान लिहिलं: या नायकाला जेवू कोण घालतं, आणि तिनं सुख कुठे शोधायचं? प्रबंधात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. बाकी सगळं याचं-त्याचं.

मार्गदर्शक सरांनी त्यावर फुली मारली. "बाई, सुखाचा शोध घेऊन राहिलो आपन, भाजीचा न्हाई. काढा हे." पदवी हवी होती. काढलं.

मग मौखिक परीक्षा आली. त्या दिवशी समितीला उमेदवारानं जेवू घालायचं, हे कुठल्या नियमात नाही, पण कुणी मोडल्याचं ऐकलं नाही. पुरुष हॉटेलात सांगून मोकळे होतात. मला सरांचा फोन आला, "बाहेरचं कशाला? तुमच्या हातची पुरणपोळी आना." मी डबे मांडीवर सांभाळत एसटीनं नांदेड गाठलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, "प्रबंधात काही राहून गेलं का?" मी ते काढलेलं पान तोंडी सांगून टाकलं. सर खाकरले. परीक्षक हसले. "मुद्दा गमतीचा आहे. पण आता भूक लागलीय. निकाल जेवून जाहीर करू."

डबे उघडले. समिती ताटं पुढे ओढून बसली.

"वाढा, बाई," सर म्हणाले.

मी एक ताट घेतलं, दोन पोळ्या घेतल्या, वर तूप घेतलं आणि परीक्षकांच्या शेजारची खुर्ची ओढून जेवायला बसले. पोळी फार सुंदर झाली होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. निकाल अजून लागायचा होता.