नाचणगावात ऐकलेली एक बाजू

पुण्याहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलो तेव्हा मांडीवर एक रेकॉर्ड होती आणि मनात धाकधूक. रेकॉर्ड सुधाकरची. कॉलेजात एका खोलीत राहून आम्ही दोघांनी एकाच विलायती बँडवर जीव लावला होता. पुढे तो आपल्या गावी, वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावला, शेती बघायला गेला. बँडची नवी रेकॉर्ड त्यानं कुठून तरी मिळवली आणि मोठ्या प्रेमानं मला ऐकायला पाठवली. एक अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं! मी मुळात उतावळा. आधी ऑर्गनची घरघर, मग कोणी भांडी आपटतंय, मग उलटे बोलणारे आवाज. दोन्ही बाजू तीनतीनदा लावल्या आणि दर वेळी मध्येच उठलो. वर शहाणपणा करून पत्रात लिहिलं, बँड वाया गेला आणि तुझे कानही. त्यानंतर वर्षभर त्याचं पत्र नाही. शेवटी मीच निघालो.

पुलगावला उतरलो तर बाहेर कापसाच्या बंड्यांची (बैलगाड्यांची) ही रांग. माझी सायकलरिक्षा त्यांच्यात तासभर अडकली आणि मी नाकातोंडात तंतू घेऊन शिंकत बसलो. पण पुढे रस्ता मोकळा झाला आणि चिडचिड विसरलो. काळीभोर माती, तिच्यावर फुटलेली पांढरी बोंडं, मधूनच तुरीच्या ओळी आणि हिवाळ्यातलं कोवळं ऊन. नाचणगाव पुलगावाला लागूनच आहे, त्यामुळे हे सुख फार वेळ मिळालं नाही.

सुधाकर दारातच उभा होता. ना मिठी, ना चेष्टा. रेकॉर्डकडे बघून म्हणाला, "आणली काऊन? पोस्टानं धाडून द्याची." आणि ती कपाटावर ठेवून दिली. जेवायला वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर आणि सांभारवडी (सांभार म्हणजे इकडे कोथिंबीर) होती. मी तारीफ करत होतो, तो ताटाकडे बघून जेवत होता.

संध्याकाळी त्याचे वडील, आबाजी, भजनाला जाण्याआधी चुलीपुढे खंजिरी शेकत बसले. शेकायची, थाप मारून बघायची, पुन्हा शेकायची. आवाज आपला भद्दच. बराच वेळ झाला तेव्हा न राहवून मी विचारलं, एवढ्यानं भागणार नाही का?

त्यांनी मान वर केली नाही. "थंडी खंजिरी बोलत नाई, राजा. तापू द्या लागते. सुधाकर सांगे, थे रेकाट तुले पटली नाई म्हणून. तू तापाच्या आंधीच उठून गेला असशीन."

पुढची थाप खणखणीत वाजली. मला माझीच लाज वाटली.

कपाटावरची रेकॉर्ड काढून मी सुधाकरच्या हातात दिली आणि लाव म्हणालो. सुईवर कापसाचा तंतू बसला होता, तो त्यानं फुंकून काढला. मी भिंतीला टेकून बसलो, काही झालं तरी उठायचं नाही असं ठरवून. घरघर झाली. भांडी आली. या वेळी कळलं, भांडी आपटणारा ठेका शोधत होता, थाप मारून बघत होता. उलटे आवाज हळूहळू एका सुरात मिसळले, दुरून गिटार आली आणि मग ड्रम. अहाहा! ज्याला मी वर्षभर कचरा म्हटलं होतं ते सगळं तिथं कामाला आलं होतं. आबाजी चप्पल घालता घालता थांबले होते आणि त्यांचं बोट खंजिरीवर बरोबर ठेक्यात पडत होतं. माझ्या अंगावर काटा आला.

बाजू संपली. "सुधाकर, माझं चुकलं," मी म्हणालो. "कानांबद्दलही."

तो हसला, दिवसभरात पहिल्यांदा. मी रेकॉर्ड उलटायला उठलो तर त्यानं तिच्यावर हात ठेवला आणि ती पाकिटात घातली.

का, ते दुसऱ्या दिवशी पुलगाव स्टेशनवर कळलं. गाडी हलल्यावर तो खिडकीजवळ येऊन म्हणाला, "दुसरी बाजू तुह्या पुढच्या चकरीले आयकू. येजो."

ती बाजू मी पुण्यात तीनदा लावली होती. पण ऐकली होती असं आता म्हणवेना, म्हणून हो म्हटलं. मांडी रिकामी होती. बडनेरा यायच्या आत मी पुढची रजा कधी टाकायची ते ठरवून टाकलं होतं.