लोंढ्याच्या अलीकडचा युरोप

'किस्सा' हा शब्द अरबीतून आला आणि आपल्यातलाच होऊन राहिला. त्याच्या जागी 'आख्यायिका' ठेवून पाहिली; पण आख्यायिका म्हटले की सांगणाऱ्याला आधी घसा खाकरावा लागतो आणि ऐकणाऱ्याला जांभई येते. तेव्हा शुद्धतेचा आग्रह एवढ्यापुरता सोडतो. किस्से कोणी जमवत नाही. कापडाच्या दुकानात ठाणातून उरलेले तुकडे साचतात तसे ते साचतात. टाकवत नाहीत, विकले जात नाहीत, आणि एके दिवशी फळीच भरते!

आमची फळी भरली ती हुबळीत, दुर्गदबैलातल्या शिवप्पांच्या कापडदुकानात. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या एका साप्ताहिकात युरोपवरचे शब्दकोडे येऊ लागले. त्यात शहरे, नद्या, चित्रकार, पक्वान्ने असे सारे काही असे. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघे गादीवर बसून ते सोडवत असू. शिवप्पा घरी कन्नड बोलत, कोडे मात्र मराठीत सोडवत. रघुअण्णांची स्टेशनजवळ टायपिंगची शाळा होती. मी विद्यानगरात एका महाविद्यालयात संस्कृत शिकवीत असे. अंक आमच्या हाती पडेपर्यंत उत्तरे पाठवण्याची मुदत उलटलेली असे. बक्षिसाची आशाच नसल्यामुळे आमच्या विद्वत्तेला स्वार्थाचा डाग कधी लागला नाही.

*

एकदा सूचक शब्द होते : 'व्हेनिसमधील जलवाहन.' रघुअण्णांनी तत्काळ 'गोंडोला' म्हटले. मी हरकत घेतली. मराठी कोड्यात मराठी शब्द हवा. 'नौका' असताना गोंडोला कशाला? अर्धा तास मी व्युत्पत्तीसह बोललो.

शिवप्पांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "एन्री, काय हो मास्तर, चौकोन तीन आहेत. नौका दोनांतच बसते. तिसऱ्यात तुम्ही बसता काय?"

*

शिवप्पांचा युरोप वारांत मोजला जाई. 'स्कॉटलंडमधील पुरुषांचे चुणीदार वस्त्र' याचे 'किल्ट' हे उत्तर निघाले, तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"कापड किती लागतं?"

"सुमारे आठ वार," रघुअण्णा म्हणाले.

"आठ वार! आमच्या अक्काच्या लुगड्याला एकच वार जास्त लागतं! आणि हे गडी माणूस नेसतो?" शिवप्पांनी बोटांवर हिशेब केला. मग हलकेच म्हणाले, "अण्णा, तो देश आपल्याला गिऱ्हाईक म्हणून चांगला आहे."

*

रघुअण्णांनी कोड्याचे वेड टायपिंगच्या शाळेतही नेले. अर्ज आणि नमुन्याची पत्रे टंकित करण्याऐवजी मुली आल्प्स, ऱ्हाईन आणि व्हिएन्ना यांवरचे उतारे टंकित करू लागल्या. त्यांचे वारही ठरलेले होते.

त्यांतली एक मुलगी धारवाडला नोकरीच्या मुलाखतीस गेली. साहेब म्हणाले, "मनाला येईल ते टाइप करून दाखवा." तिने न अडखळता व्हेनिसच्या कालव्यांचे पानभर वर्णन टंकित केले. साहेब थक्क झाले.

"तुम्ही व्हेनिसला होता?"

"नाही सर," ती म्हणाली, "आमच्याकडे व्हेनिस गुरुवारी असतं."

*

माझे एक सहकारी युरोप पाहून आले आणि त्यांनी विद्यानगरात पारदर्शिकांसह व्याख्यान दिले. (पारदर्शिका म्हणजे स्लाइड्स, हा शब्द त्या सभेत मी एकट्यानेच वापरला.) पडद्यावर कलता मनोरा आला आणि वक्ते म्हणाले, "रोममधलं हे आश्चर्य..."

"पिसा!" मागच्या रांगेतून रघुअण्णा उभे राहिले. "दोन अक्षरी!"

वक्ते दुखावले. "आपण कधी गेला होता?"

"मी? मी लोंढा जंक्शनच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही. म्हणून तर माझा गोंधळ होत नाही!"

*

आम्ही हसलो, पण या स्वभावाची किंमत घरात दुसऱ्याच कोणाला तरी द्यावी लागत होती. रघुअण्णांची मुलगी सुमन लग्नाची होती. तिला पाहायला आलेल्या मंडळींतले एक मामा सांगत होते, की स्वित्झर्लंडच्या समुद्रात त्यांनी मनसोक्त स्नान केले.

रघुअण्णा नम्रपणे म्हणाले, "स्वित्झर्लंडला समुद्र नाही."

"मी स्वतः पोहलोय!"

"मग बुडाला असता तरी हरकत नव्हती. समुद्रच नाही!"

मंडळी चहा न घेता उठली. सुशीलावहिनी त्या दिवशी नवऱ्याला म्हणाल्या, "जगाचं काय चुकतंय ते चुकू द्या हो. त्या रिकाम्या चौकोनांपायी माझी पोर घरात राहील!"

*

पुढे प्रकाशचे स्थळ आले. धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीत तो अभियंता होता. कारखान्याने त्याला प्रशिक्षणासाठी सहा महिने जर्मनीला धाडले होते. बेळगावच्या एका लग्नात सुमनची आणि त्याची ओळख झाली होती. तिने वडिलांना स्पष्टच सांगितले, "बाबा, मला हा मुलगा आवडलाय. तो युरोपबद्दल काहीही बोलेल. तुम्ही बोलायचं नाही."

रघुअण्णांनी शब्द दिला. वहिनींचा त्या शब्दावर विश्वास नव्हता. त्यांनी दोन मोठे विडे करून नवऱ्याच्या दोन्ही गालांत कोंबले आणि वडीलधारे म्हणून शिवप्पांना व मला त्यांच्या दोन बाजूंना बसवले. "धरून ठेवा," एवढेच म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

मुलगा गुणी होता, बोलका होता. त्याची आई प्रसन्न होती. वडील मात्र आल्यापासून एक अक्षर बोलले नव्हते. त्यांच्या गुडघ्यावर पत्नीचा हात सारखा होता. पोहे आले. सुमन आली. सारे इतके सुरळीत चालले होते की मी मनात मंगलाष्टकांतील अशुद्धे सुधारू लागलो.

तेवढ्यात प्रकाश म्हणाला, "सुट्टीत रोमला गेलो होतो. संध्याकाळी डॅन्यूबच्या काठी बसायचो."

शिवप्पांनी रघुअण्णांचे मनगट पकडले. सुमनने वडिलांकडे पाहिले आणि मान किंचित हलवली. रघुअण्णांचा चेहरा लाल झाला, मग काळपट झाला. त्यांनी विड्याचा रस गिळला, डोळ्यांत पाणी आले, आणि कसेबसे ते उद्गारले, "वा! छान!"

सुमनने सुटकेचा श्वास सोडला. एवढा त्याग मी पुराणांतही क्वचित वाचला आहे!

"काय ती डॅन्यूब!" प्रकाशला आता रंग चढला. "सगळं रोम तिच्या काठी वसलेलं..."

"टायबर!"

रघुअण्णांचे तोंड तर मिटलेलेच होते. स्वयंपाकघरात झारा खाली पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ सुशीलावहिनींचा खणखणीत स्वर : "अहो, रोमला टायबर! चार अक्षरी!"

सुमनने डोळे मिटून घेतले. प्रकाशच्या हातातला चमचा बशीवरच थांबला.

तेव्हा त्याच्या वडिलांनी गुडघ्यावरचा पत्नीचा हात हलकेच बाजूला केला, स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून ते बसले, आणि प्रथमच बोलले.

"वहिनी, गेल्या आठवड्याच्या कोड्यातला उभा अकरा तुम्हाला सुटला का हो?"