मालकाच्या शेडात मी येत नाही

“ए, हात नोको लावू! सरक मांगं.”

मालक ओरडला तेव्हा माझा हात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर होता. खंडेनवमी होती. पूजा नुकतीच झाली होती. नारळ फुटला होता, मालकाच्या मुलाने सीटवर बसून ट्रॅक्टर चालू केला होता. हाराचं एक टोक बाजूने आत, इंजिनाच्या पंख्याजवळ लोंबत होतं. ते ओढलं गेलं असतं म्हणून मी पुढे झालो आणि उचललं. एवढंच.

मी मागे सरकलो. मालकीणबाई तांब्या घेऊन आल्या. माझा हात लागला होता तिथे त्यांनी पाणी शिंपडलं. सावकाश, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. मग नवं कुंकू लावलं.

मालक हसला. म्हणाला, “अरे, उद्यापासून तुलेच लावाचा हाय बे हात. आज नोको.”

सगळे हसले. शेजारपाजारचे, पाहुणे, ट्रॅक्टरवरचा मुलगा. आणि माझे बाबा. ते शेडाच्या बाहेर, चपला हातात घेऊन उभे होते. तेही हसले. मग म्हणाले, “चुकलं मालक. पोट्टं हाय.”

आदल्या संध्याकाळी तो ट्रॅक्टर आम्हीच धुतला होता, मी आणि बाबांनी. चाकांतला चिखल मी खिळ्याने खरवडून काढला होता. डिझेलच्या नळीत हवा धरली होती, तीही मीच काढली होती. हारसुद्धा बाबांनीच बांधला होता. आम्ही बौद्ध. आमच्या घरात असली पूजा नाही. पण मालकाच्या ट्रॅक्टरला हार बांधणं बाबांच्या कामातच धरलेलं होतं. बाबा त्या ट्रॅक्टरचे ड्रायव्हर. माझ्या जन्माच्या आधीपासून.

घरी जाताना मी रडत होतो. बाबा म्हणाले, “वर्षातून एक दिवस तं असते. काय बिघडते?”

 मी तेव्हा दहावीत होतो.

आमचं गाव जानेफळच्या बाजूला. आमच्या घरात काहीही ठरवायचं तर ते आधी मालकाच्या ओट्यावर ठरायचं. ताईचं लग्न तिथेच ठरलं. मायचं ऑपरेशन कुठे करायचं तेही तिथेच. बाबा ओट्याखाली उकिडवे बसायचे, मालक बोलायचा, बाबा मान हलवायचे. घरी येऊन सांगायचे, मालकाले इचारलं. म्हणजे झालं. पुढे बोलायचं नाही.

दहावी झाली. मला मोटार मेकॅनिक व्हायचं होतं. दुसरं काही नव्हतंच डोक्यात. इंजिनाचा आवाज बदलला की माझी झोपसुद्धा मोडायची. बुलढाण्याच्या सरकारी आयटीआयत त्या ट्रेडला माझं नाव लागलं. मी उड्या मारत घरी आलो. माय हसली. बाबा म्हणाले, “मालकाले इचारून पाहू.”

मालकाने ऐकून घेतलं. सुपारी कातरत म्हणाला, “बुलढाण्याले कायले धाडतं त्याले? माह्या साडूची खाजगी आयटीआय हाय ना तालुक्याले. मी शब्द टाकतो. हजेरी लागत राहीन. पोट्टं आपल्या शेडात काम करीन, अन् सर्टिफिकेट यीन घरपोच.”

बाबांचा चेहरा फुलला. खरंच फुलला. मालकाने आपल्या पोराचा विचार केला, याचा त्यांना आनंद झाला होता. 

ती आयटीआय बघायला आम्ही दोघं गेलो. एक लांब पत्र्याची खोली, तिला कुलूप. क्लार्कने उघडली. आत स्टँडवर एकच इंजिन, चंदेरी रंग मारलेलं. मी जवळ गेलो. रंग नटांवरूनही फिरवलेला होता. नट आणि इंजिन एकाच रंगाने जोडले गेले होते. कुठेही पान्याचा ओरखडा नाही. ते इंजिन तिथे आल्यापासून कोणी उघडलंच नव्हतं.

मी विचारलं, “हे खोलाले देता काय?”

क्लार्क म्हणाला, “खोलाचं काय काम? तपासणीवाले आले की दाखवाचं असते.”

बाबांनी ते ऐकलं. बाबांनी इंजिनही पाहिलं. त्यांचं आयुष्य इंजिनात गेलेलं, त्यांना सांगायची गरज नव्हती. बाहेर रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, “बाबा, नट पाह्यले ना तुम्ही?”

“पाह्यले.”

“मंग?”

“मालकानं शब्द टाकला हाय रे.”

मला वाटलं होतं, बाबांना कळत नाही. कळत नाही म्हणून मान हलवतात. त्या दिवशी समजलं, त्यांना सगळं कळतं. कळूनही हलवतात. त्यापेक्षा अडाणी बाप परवडला असता.

संध्याकाळी ओट्यावर गेलो. मालक मला म्हणाला, “झालं ना मनासारखं? मंग सोमवारपासून शेडात ये.”

बाबांनी मला कोपराने ढोसलं. हो म्हण, असं.

  मी बोललो. “मालक, माह्यं नाव बुलढाण्याले लागलं. मी तिथं जातो. तुमच्या शेडात मी येत नाही.”

मालक माझ्याशी बोललाच नाही. बाबांकडे बघून म्हणाला, “तुह्या पोट्ट्याले लय तोंड फुटलं.”

आणि बाबांनी मला मारलं. थाडकन, कानाखाली. उभ्या जन्मात त्यांनी माझ्यावर हात उगारला नव्हता. त्या हाताला डिझेलचा वास होता. तो वास मला लहानपणापासून आवडायचा. बाबा आले, हे मला वासावरून कळायचं.

दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मालक म्हणाला, “राहू दे, राहू दे. लहान हाय.”

मारणारा माझा बाप. सोडवणारा मालक. मी गाल धरून उभा होतो आणि मला सगळं लख्ख दिसलं. या माणसाने माझ्या बापाचे कष्ट घेतले, तिथवर ठीक, सगळेच घेतात. पण याने त्याचा हातही घेतला होता. माझ्याच बापाचा हात माझ्याच गालावर उठवायला त्याला नुसतं एक वाक्य पुरलं. आणि वर दयाळूपणाही त्याचाच.

मला बाबांचा राग आला नाही. बाबांची कीव आली. ते जास्त वाईट होतं.

घरी मायने गालावरची बोटं पाहिली.  सकाळी म्हणाली, “चाल. मी येतो तुह्यासंगं.” सोयाबीन निंदायचं टाकून ती माझ्यासोबत एसटीने बुलढाण्याला आली. प्रवेश झाला. बाबा ट्रॅक्टरवर होते.

पहिल्या दिवशी सरांनी वर्कशॉपमध्ये जुनं इंजिन पुढ्यात ठेवलं. मी मागे उभा होतो, हात पाठीशी बांधून. ते म्हणाले, “तिथं काऊन उभा रे? लाव हात. हात लावल्याबिगर कसं समजन?”

मी बाहेर नळावर जाऊन रडलो. तोंड धुतलं. परत आलो आणि पाना उचलला.

आता दुसरं वर्ष चालू आहे. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. परवा त्यांचा फोन आला. आवाज खूप हळू होता. म्हणाले, “मालक म्हणते, सुटीत येऊन शेडात काम कर. मंग झालं गेलं सोडून देतो. नाहीतं म्हणते, दुसरा ड्रायव्हर पाह्यतो.” मग म्हणाले, “या वयात मले कोण ठेवीन रे?”

माझा जीव तुटला. खोटं कशाला सांगू. तोंडावर हो आलं होतं.

मी म्हणालो, “नाही येत, बाबा. त्यानं काढलं तं इकडं या. मी काम करीन, तुमाले पोसीन. पण त्याच्या शेडात नाही.”

त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा लावला, त्यांनी उचलला नाही.

कदाचित बाबा मला कधीच माफ करणार नाहीत. कदाचित ते मरेपर्यंत त्याच ओट्याखाली बसतील आणि लोक म्हणतील, पोराने बापाला उघड्यावर टाकलं. म्हणू देत. या सुटीत मी जाणार नाही. पुढच्याही नाही. माझ्या बापाचा हात त्याने घेतला. माझा मिळणार नाही.