तपासणीपुरती माय

“हिला मागच्या शेडात बसवा. वास येतोय.”

डॉक्टर साहेब मैनाकडे न पाहता बोलले. मैना माही भावजय. बाळंतपणाचा तिसरा दिवस होता तिचा. टाके पडलेले. खाटेवरून उतरताना तिनं लोखंडी दांडा धरला अन् दात आवळले. साडी मागून डागाळली होती. ती पदरानं झाकून राह्यली होती, अन् सगळे तेच पाहून राह्यले होते.

वास येत होता. खोटं काय सांगू. दवाखान्याची मोटर पावसाळ्यापासून जळून पडली होती. नळाले थेंब नव्हता. बाळंतीण बाई धुईन कुठं? मीच हापशीवरून बाल्टी आणत होती. मोटरीचं विचारलं की साहेब म्हणत, “निधी नाही.” तेवढंच. मान वर न करता.

अन् त्या दिवशी सकाळी टँकर आला.

वरची टीम तपासणीले येणार होती. टीमनं चांगले मार्क देल्ले तं दवाखान्याले निधी भेटते म्हणे. म्हणजे पाहा. निधी नाही म्हणून पाणी नाही. अन् निधी पाहिजे म्हणून एक दिवस पाणी दाखवा. फाटक्या गाद्या उचलून टाकल्या, दुसऱ्या दवाखान्यातून कोऱ्या आणल्या. हिरव्या चादरी. पडदे. नळ वाहू लागला. मैनाले वाटलं, आता तरी आंग धुता येईन.

“हात लावू नका,” साहेब म्हणाले. “टाकी भरलेली दिसली पाहिजे.”

मी आशा वर्कर आहे. पांढरकवड्याच्या पुढं जंगलाच्या अंगाले आमचं पोड आहे, कोलामांची वस्ती. गरोदर बायाले दवाखान्यात नेणं हे माहं काम. मैनाले मीच आणलं. ती नाही म्हणत होती. तिची माय म्हणे, घरीच होऊ दे, आमचं सगळ्यांचं घरीच झालं. मी भांडली तिच्याशी. “दवाखान्यात सगळं असते,” असं म्हणलं. माह्या तोंडानं म्हणलं.

साहेब माह्याकडे वळले. “तू झोप इथे, हिच्या जागी. तुला नीट बोलता येतं. टीमने विचारलं तर सांग, जेवण मिळतं, औषध मिळतं. आणि बाळ जवळ घे. फोटोत बरं दिसेल. कोलाम आई आणि बाळ.”

मी म्हणलं, “हाव साहेब.”

हेच सांगाले मी बसली. माह्या तोंडातून ‘हाव’ निंगालं. कोणी मारलं नाही, धमकावलं नाही. शाळेत गुरुजी म्हणत, मागं बस. हाव. मीटिंगमध्ये सगळ्या खुर्चीवर, मले म्हणत, तू चहा दे. हाव. जिभेले वळणच पडलतं.

मैनाच्या कुशीतून लेकरू मीच काढलं. तिनं लवकर सोडलं नाही. मंग सोडलं. नुसतं पाह्यलं माह्याकडे.

मी हिरव्या चादरीवर निजली. तासाभरानं टीम आली. तीन माणसं अन् एक बाई. हारतुरे झाले. एक जण मोबाइल काढून फोटो घ्याले लागला. लेकरू उठलं. भुकेजलं होतं. पोलक्यावरूनच माह्या छातीत तोंड खुपसाले लागलं. माही लेकरं शाळेत जातात. माह्यापाशी काय होतं त्याले द्याले? ते रडाले लागलं. लाललाल झालं.

साहेब हसून म्हणाले, “पाज ना. लाजायचं काय त्यात?”

पाज ना.

तेवढ्यात मागून मैनाचा आवाज आला. ती कोलामीत हाका मारून राह्यली होती. माहं लेकरू रडते, कोणी आणून द्या. तिची बोली समजणारी त्या दवाखान्यात मी एकटी. अन् मी खाटेवर, चादर पांघरून, तिच्या जागी, ती बनून. मले किळस आली. साहेबाची मंग आली, आधी माहीच आली.

मी उठली. चादर फेकली.

“हे लेकरू माहं नाही. याची माय मागं शेडात बसवली तुमच्यासाठी. वास येते म्हणून. नळाले पाणीच नाही तं ती धुईन कशानं? हा नळ आज सकाळी सुरू झाला.”

साहेबाचं हसू तोंडावर तसंच राह्यलं. मी लेकरू घेऊन मागच्या दारानं निंगाली. शेडात मोडक्या खाटा, खोके, वापरलेल्या सुयांचं लाल पोतं. त्याच्या बाजूले, भुईवर मैना. दुधानं तिचं पोलकं भिजलं होतं. लेकरू तिच्या मांडीवर देल्लं.

टीममधली बाई माह्यामागं आलती. दारात थांबली. नाकाले रुमाल लावला. “अरेरे,” म्हणाली अन् परत गेली. तिकडे जेवणाची पानं वाढली होती.

दवाखाना पास झाला. भिंतीवर सर्टिफिकेट लागलं. गाद्या ज्याच्या त्याले परत गेल्या. टँकर पुन्हा आला नाही.

आठ दिवसांनी साहेबानं मले बोलावलं. समोर कागद ठेवला. “गैरसमजातून बोलले, असं लिहिलंय. सही कर, विषय संपला.”

मी खुर्ची ओढली अन् बसली. त्यांच्यासमोर पह्यल्यांदा बसली. कागद पूर्ण वाचला.

“हे खोटं आहे. मी सही नाही करत.”

“तुला काढता येतं, माहीत आहे ना?”

“काढा. पण काहून काढलं, ते लिहून द्या.”

त्यानं लिहून देल्लं नाही. काढलंही नाही अजून.

मैना माह्याशी बोलते. पण लेकरू माह्या हातात देत नाही. तिचं बरोबर आहे. मी माफी मागतली, तिनं ऐकली, झालं. ते तिच्या मनातून जाणार नाही अन् जाऊही नये.

बायाले मी आजही दवाखान्यातच नेते. फक्त सगळं असते असं म्हणत नाही. काय नाही ते आधी सांगते. अन् जे नाही ते मागाले त्यायले संगं घेते. आदिवासी म्हणून, गरीब म्हणून, गरोदर म्हणून आमच्याच नावानं निधी मागतात हे लोक. तं तो कुठं जाते, हे आम्हीच विचारू. मोटर बसेपर्यंत दर सोमवारी पोडातल्या बाया घेऊन मी साहेबाच्या टेबलासमोर उभी राहीन. दार लावलं तं दारात बसू. पोटुशी असू, बाळंतीण असू, बसू. उठणार नाही.